कापलेला रकाना

मित्रांनो, मी मुलांच्या वॉर्डातला एक जुना प्रिंटर आहे. सध्या माझा मुक्काम टेबलाखाली, फरशी पुसायच्या बादलीशेजारी. माझी कीव करू नका. ज्यांनी मला इथे ढकललं त्यांच्या अकलेची करा.

कारखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. सिस्टर मला रोज फडक्याने पुसायच्या. वर्षानुवर्षं मी औषधांचे तक्ते बिनबोभाट छापले. मग तक्ता वेबसाईटवर गेला आणि माझे दिवस फिरले. तक्त्याचा शेवटचा रकाना होता "काय देऊ नये". नेमका तोच कागदावर येईना. उजव्या कडेला नुसता एक अर्धवट "का" लटकायचा.

ब्राउझर म्हणजे वेबसाईट दाखवणारी खिडकी. वॉर्डातल्या ब्राउझरमधून तक्ता कागदापेक्षा रुंद होऊन निघायचा. मावेल तेवढं मी छापायचो. पण मार कोणाला? मला! कॉम्प्युटरवाले साहेब येत, माझ्या पाठीत धपाटा घालत आणि म्हणत, "हा खटारा बदला." पडद्याला कधी कोणी चापट मारलीय? तो चकचकीत ना!

तो लटकणारा "का" दिसला की सिस्टर उरलेलं पेनाने लिहायच्या. मग नवा प्रिंटर आला. साहेब छाती फुगवून म्हणाले, "सिस्टर, आता सगळं येतं. पेन ठेवा खिशात." तपासलं कोणी? कोणीच नाही. नव्याने तर तो अर्धा "का"सुद्धा गिळला. कड कशी स्वच्छ! काही राहिलंय हे कळणार कसं?

दुसऱ्याच सकाळी सिस्टरनी कोपऱ्यातल्या खाटेवरच्या मुलासाठी इंजेक्शन भरलं. सुई दंडाजवळ गेली आणि त्याची आई ओरडली, "अहो, थांबा! कुठलं देताय? ते त्याला चालत नाही. मागे श्वास अडकला होता पोराचा! काल सांगितलं ना मी?"

सिस्टरनी सुई मागे घेतली आणि पडद्यावरचा तक्ता उघडून बघितला. पडद्यावर ते लिहिलेलं होतं. कागदावर नव्हतं.

साहेबांना बोलावलं. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवरून तक्ता छापला. रकाना अख्खा आला. "बघा, माझ्याकडे तर नीट येतं. माझा ब्राउझर वेगळा आहे."

"मग तुम्हीच लॅपटॉप घेऊन फिरा ना खाटेखाटेपाशी!" सिस्टर कडाडल्या. "आम्ही इथे काय वापरतो ते एकदा तरी डोकावून बघितलंत?"

मग साहेबांनी तक्ता दुरुस्त केला? छे! "दुसऱ्या ब्राउझरमधूनच प्रिंट काढा" अशी चिठ्ठी चिकटवली. कुठे? नव्या प्रिंटरच्या कपाळावर. पुन्हा आमच्याच जातीच्या माथी!

मी आता भंगारात जाणार, जाऊ दे. तुम्ही मोठेपणी असलं काही बनवाल, तर ज्याला ते वापरायचंय त्याच्या खिडकीतून बघा, एक कागद छापा आणि शेवटपर्यंत वाचा. एवढंही जमणार नसेल, तर निदान आमच्या पाठीत धपाटे तरी घालू नका.

ती आई हे न शिकवता शिकली. आता सुई दिसली की ती आधी कागद मागते, उजव्या कडेवर बोट ठेवते आणि विचारते, "त्याला काय देऊ नये ते इथे आलंय का? दाखवा." आणि सिस्टर दाखवतात.