हेदीचं सोळावं गुणसूत्र

जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, तोडणीत मबरूकाबाईंची जीभ हातांपेक्षा जोरात चालायची. बोटांना बोकडाच्या शिंगांच्या टोप्या चढवून त्या फांद्या ओरपायच्या. जैतून झाडाखाली अंथरलेल्या जाळीवर पडायचे आणि सोबतीला सुनेचा उद्धार.

"पोटुशी असताना मयताच्या घरी गेली ही! माझ्या भावाची पोर केली असती, तर असली नात नशिबी आली नसती."

आता मयताला गेल्याने पोर मंद निपजतं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मबरूकाबाईंनाच ठाऊक. ते मयतही सुनेच्या, म्हणजे वसीलाच्या, सख्ख्या बापाचं होतं. पण रोज ऐकून ऐकून वसीलालाही ते खरं वाटायला लागलं होतं. तिची लेक निस्रीन सहा वर्षांची झाली तरी चार शब्दांपलीकडे जात नव्हती. वसीलाला दुसऱ्या लेकराची हौस होती, पण आपल्या हातून पुन्हा काही चुकेल म्हणून ती धजत नव्हती.

मागच्या आठवड्यात स्फाक्स शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी आईबाप आणि लेक अशा तिघांच्या रक्ताचा निकाल सांगितला. "गुणसूत्राच्या प्रत्येक भागाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. निस्रीनच्या सोळाव्या गुणसूत्राच्या एका प्रतीतला बारीकसा तुकडा गळालाय. मेंदूच्या घडणीला लागणारे काही जनुक त्यातच असतात. मयताशी याचा काडीचा संबंध नाही."

मग त्या वसीलाच्या नवऱ्याकडे, हेदीकडे वळल्या. "तुमच्यातही तोच तुकडा नाही. कुणाला त्याचा त्रास थोडा होतो, कुणाला फार. शाळेत जड गेलं होतं का?"

हेदीने मान खाली घातली. परतताना वडापच्या गाडीत एवढंच म्हणाला, "आईला मी सांगतो. तू मध्ये पडू नकोस."

आठवडा उलटला तरी त्याचं तोंड उघडलं नव्हतं. आजही हा गिळून बसणार, असं वसीलाला वाटलं. तिला त्याचा भयंकर राग आला. एवढ्यात हेदी शिडीवरून उतरला.

"आई, बास कर. पोरीचं ते माझ्याकडून आलंय. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं."

"तुझ्याकडून? तुला काय धाड भरलीय? घाण्यावर दोघांचं काम एकटा ओढतोस!"

"मला वाचता येतं का?"

"आळशी होतास तू! बापाने फोडून काढलं, तरी पुस्तक उघडायचा नाहीस."

"मी आळशी नव्हतो गं आई," हेदी म्हणाला. "मला येतच नव्हतं."

आणि हा चाळिशीचा दांडगा बाप्या हुंदके देऊन रडायला लागला. सासूची खोड मोडावी, असं वसीलाने कितीदा मनात आणलं होतं. आता तो क्षण समोर आला, तर तिच्याच्याने बघवेना. तिने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

मबरूकाबाई जाळीवर मटकन बसल्या. "म्हणजे ते सगळे फटके..." वसीलाने पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी बाटली बाजूला सारून तिचं मनगट धरलं.

"त्याला बापाने हाताने मारलं, पोरी," त्या म्हणाल्या, "आणि तुला मी तोंडाने."