टोपलीची कड

मित्रांनो, माझ्यावर या घडीला एक अर्धवट चित्र आहे. ते कोणी काढलं आणि पुसलं का नाही, एवढंच मला सांगायचं आहे. नीट सांगता येईल की नाही, याची मला खात्री नाही. मी एक जुना फळा आहे. फळ्यावर दुसरे लिहितात. त्याला स्वतःचं असं काही लिहायची सवय नसते.

माझा जन्म बंदराजवळच्या द्रोणागिरीत, एका गोदामाबाहेर झाला. परदेशातून यंत्रं घेऊन आलेली लाकडी खोकी तिथे फोडून टाकली होती. शिवराम सुताराने त्यातल्या सपाट फळ्या निवडल्या, जोडल्या, घासल्या आणि त्यांना काळा रंग दिला. माझ्या पाठीवर मात्र रंग नाही. तिथे अजूनही 'ही बाजू वर' असं इंग्रजीत छापलेलं आहे आणि शेजारी एक बाण आहे. गंमत म्हणजे मला टांगलं ते आडवं. त्यामुळे तो बाण आयुष्यभर वर न बघता शेजारच्या खिडकीकडे बघत राहिला. आपण जिथे लागलो ती आपली जागा नव्हेच, असं मला कधी कधी वाटतं, त्याचं कारण कदाचित हेच असेल.

मला विकत घेतलं धम्मपाल सरांनी. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी नेरूळमधल्या आपल्या तळमजल्यावरच्या घरात, बाहेरच्या खोलीत, इंग्रजी बोलण्याचा वर्ग सुरू केला. मुलाखतीला जाणारी मुलं येत, गाडी चालवणारे येत, एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर काम करणारा प्रसाद येई. सरांची पद्धत जुनी होती. फळ्यावर वाक्य लिहायचं, सगळ्यांनी ते मोठ्याने म्हणायचं, पाठ करायचं. आणि नियम एकच : ज्याने शेवटी लिहिलं, त्यानेच फळा पुसून घरी जायचं.

ते दिवस चांगले होते. सर मला रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत. नवीन माणूस आला की म्हणत, "फळा बघा, पाटीसारखा आहे. खडू कसा लोण्यासारखा चालतो." मी काही तसा नव्हतो. माझ्यात सांधे होते, गाठी होत्या. पण कोणी असं बोललं की ऐकून घ्यावंसं वाटतं.

एका रविवारी सकाळी दारात एक म्हातारी उभी राहिली. नऊवारी लुगडं, हातभर बांगड्या. ती गोजराआजी, नेरूळ गावातली. पूर्वी तिची खाडीकाठी भातशेती होती. लग्नघरात धवले म्हणायला लोक तिला लांबून बोलवत. हळदीपासून पाठवणीपर्यंतची सगळी गाणी तिला तोंडपाठ होती.

"मास्तर, मना विंग्रजी शिकव," ती म्हणाली.

प्रसाद हसला. "आजी, कुठे इंटरव्ह्यू आहे काय?"

"हाय. माझे नातीन ठेवलाय." तिने चप्पल काढली आणि ती खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली. "ती इचारते, माझा बापूस कसा होता. मी बोलते, गुड बॉय, गुड बॉय. त्याचे फुरं मना काय येत नाय."

मग हळूहळू सगळं कळलं. तिचा मुलगा हितेश न्यूझीलंडच्या बंदरात क्रेन चालवायला गेला होता. तिथेच त्याने लग्न केलं आणि तिथेच, कामावर असताना, तो गेला. तेव्हा त्याची मुलगी नमिता पाळण्यात होती. आता ती मोठी झाली होती. तिला फक्त इंग्रजी येत होतं आणि वडिलांची एकही आठवण तिच्याजवळ नव्हती. तिच्या आईने त्याला पाहिलं ते मोठा झाल्यावर. त्याचं लहानपण पाहिलेलं माणूस एकच उरलं होतं, आणि ते माणूस 'गुड बॉय'पाशी अडत होतं.

सरांनी खडू घेऊन माझ्यावर लिहायला घेतलं. आठवण सांगताना इंग्रजीत काय काय म्हणतात, ती वाक्यं. पहिलं होतं : इट फील्स लाइक यस्टर्डे.

"म्हणजे, कालच घडल्यासारखं वाटतं," सर म्हणाले.

आजीने मान हलवली. "काल मी काय जेवले तां मना आठवत नाय, मास्तर. यो कालचे परीस जवल हाय."

सरांनी दुसरं लिहिलं : मेमरीज केम फ्लडिंग बॅक. "आठवणींचा पूर आला, असं."

"पूर?" आजीचा चेहरा बदलला. "खाडीचा पानी बांध फोडून शेतान शिरला का तीन वरसं भात होत नाय. जमीन खारट होते."

"मग हे पुसतो, मावशी."

"नको पुसू," ती म्हणाली. "तसाच होतं."

माझ्यावर आजवर हजारो वाक्यं लिहिली गेली असतील, पण एखादं वाक्य कोणाला इतकं लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

तिसरं वाक्य साधं होतं : आय कॅन स्टिल सी हिम. मला तो अजून दिसतो. ते तिला आवडलं. बांगड्या मागे सारत ती ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

सर मनाने फार चांगले, पण त्यांना सजवलेल्या इंग्रजीचा मोह होता. त्यांनी ही सगळी वाक्यं गुंफून हितेशवर एक सुरेख परिच्छेद तयार केला आणि आजीने तो पाठ करायचा ठरलं. आजीचं पाठांतर दांडगं, पण ते गाण्याच्या चालीवर बसलेलं. परिच्छेद तिने पाठ केला तो धवल्याच्या चालीवर. चाल काढली की शब्दही जात.

"आजी, हळद लागतेय काय कोणाला?" प्रसाद म्हणाला.

"तुझे लगनान गायन तवा ऐक मेल्या," आजी म्हणाली आणि पुन्हा सुरुवातीपासून गाऊ लागली.

ठरलेल्या रविवारी प्रसादने आपला फोन हातात धरला. पडद्यावर नमिता आली. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. आजीने डोळे मिटले आणि परिच्छेद म्हटला, सगळा, एकही शब्द न चुकता, लग्नाच्या चालीवर. सर दाराशी उभे राहून ओठ हलवत होते.

नमिता शांतपणे ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, "यू कॅन सी हिम? व्हेअर, आजी?"

कुठे दिसतो? याचं उत्तर परिच्छेदात नव्हतं. आजीने सरांकडे पाहिलं. सर सांगायला पुढे झाले, पण त्यांना तरी काय माहीत होतं? त्यांनी हितेशला कधी पाहिलंच नव्हतं. पडद्यावरची मुलगी वाट बघत होती. मला वाटलं, आता पुन्हा 'गुड बॉय'.

आजी उठली. तिने खडू उचलला आणि ती माझ्याकडे वळली.

लग्नघरात तांदळाच्या पिठाने चौक भरणारे ते हात होते. त्यांनी आधी एक लांब आडवी रेघ ओढली. तो बांध. त्यात एक चौकट : भरतीचं पाणी अडवणारी उघाडी. खाली पाण्याच्या लाटा. उघाडीवर पाय सोडून बसलेला एक पोरगा. आणि त्याच्या डोक्यावर तिने मासळीची टोपली काढली, उलटी. टोपलीची कड ओढताना खडूत खडा निघाला आणि माझ्यावर करकरून ओरखडा उमटला. तिने हात थांबवला नाही.

मग ती बाजूला झाली. "हिअर," ती म्हणाली. "सन... ऊन. टू मच ऊन. ही पुट. मी हसाला पायजे म्हनून पुट." आणि तिने दोन्ही हात डोक्यावर उलटे धरून दाखवले.

नमिता खदखदून हसली. मग पडद्यावरून नाहीशी झाली. प्रसाद म्हणाला, "गेली वाटतं." पण ती परत आली. तिच्या डोक्यावर धुण्याच्या कपड्यांची टोपली होती, उलटी. टोपलीखालून एवढंसं हसणारं तोंड दिसत होतं.

"लाइक धिस?"

आजी एकदम खाली बसली. पडद्याकडे बघत राहिली. "तोच," ती पुटपुटली. मग चालीशिवाय, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आय कॅन सी हिम. बाय माझे, आय कॅन सी हिम."

बोलणं संपल्यावर सर म्हणाले, "मावशी, राहू द्या ते चित्र." पण आजी नियम मोडणारी नव्हती. शेवटी तिनेच लिहिलं होतं. तिने फडकं ओलं केलं. आधी पाणी पुसलं, मग बांध, मग उघाडी. पोरगा सर्वांत शेवटी पुसला. हळू, आंघोळीनंतर लेकराचं तोंड पुसतात तसा.

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या काळ्या रंगाची लाज वाटली. मी फळा नसतो, भिंत असतो, तरी चाललं असतं.

त्यानंतर आजी आणखी काही रविवार आली. मग येईनाशी झाली. नमिता सुट्टीत येणार म्हणून तिने सुकट भाजून डबा भरून ठेवला होता, असं प्रसादने सांगितलं. डबा तसाच राहिला. नमिता यायच्या आधीच आजी गेली.

वर्गही पुढे ओसरला. मुलं फोनवर शिकू लागली. सरांचे गुडघे धरले. बाहेरची खोली भाड्याने दिली गेली आणि मला जिन्याखाली, तोंड भिंतीकडे करून उभं केलं. आता येणारे-जाणारे माझी पाठ तेवढी बघत. टेकवताना कशी कोण जाणे, मला योग्य बाजूने ठेवलं होतं. इतक्या वर्षांनी तो बाण खरोखर वर बघत होता, आणि वर फक्त जिन्याच्या पायऱ्या होत्या. आता इमारत पाडून नवी बांधायची आहे. सोसायटीच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, "ते भंगार आधी काढा." ते भंगार म्हणजे मीच.

अशा दिवसांत नमिता पहिल्यांदाच आली, आजीचं ते चित्र बघायला. उंच झाली होती. आई जिन्याबाहेर थांबली. सरांनी मला ओढून उजेडात वळवलं, पूर्वीसारखं आडवं टेकवलं. फळा स्वच्छ होता. काहीच नव्हतं. मुलीचा चेहरा पडला.

"चित्र आठवतं तुला?" सरांनी तिला इंग्रजीत विचारलं.

तिने मान हलवली. टोपली आठवते, म्हणाली. बाकी नीट नाही. फोनवर सगळं लहान दिसत होतं. मग थोडं थांबून तिने सांगितलं की तिला आजीची पाठ आठवते. आजी चित्र काढत होती तेव्हा पडद्यावर तिची पाठच दिसत होती, आणि हात वर-खाली होताना बांगड्या वाजत होत्या. तो आवाज तिला अजून ऐकू येतो.

सर चष्मा पुसू लागले. नमिता माझ्याजवळ आली, हात फिरवू लागली. तिचं बोट एका ठिकाणी अडलं. खड्याने पडलेला तो ओरखडा : वाकडा, आडवा, वीतभर.

तिने खडू मागितला. त्या ओरखड्यावरून खडू नेला आणि टोपली पुरी केली. टोपलीखाली चेहरा काढायला घेतला. पण वडिलांचा चेहरा तिला कुठे ठाऊक होता? ती थबकली. मग चेहरा तसाच सोडून तिने बाजूला एक बाई काढली, पाठमोरी, हात वर केलेली, हातभर बांगड्या.

जाताना तिने फडकं शोधलं. नियम बहुधा आजीने तिला सांगितला असावा. आजीला म्हणाले होते तसंच सर म्हणाले, "राहू दे, बाळ." तिने ऐकलं.

तेच हे चित्र, मित्रांनो. मला पुन्हा जिन्याखाली ठेवलं आहे, पण तोंड बाहेर करून. खाडीची हवा दमट आहे, खडू टिकत नाही. येता-जाता कोणाचं तरी कोपर लागतं. बाईचा एक हात कालच गेला.

माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस काही सांगायला बसलं आणि त्याला शब्द सापडेनात, तर घाई करू नका. 'कुठे?' असं विचारा आणि वाट बघा. ते उठून दाखवेल. आणि जिन्यावरून जाताना जरा अंग चोरून जा. खडूचं जे आहे ते जाणारच, त्याला इलाज नाही. टोपलीची कड मात्र खडूची नाही. मला फोडेपर्यंत ती राहील.