प्लस बॉडीला

लताबाईंच्या नवऱ्याकडे जळगावातली सगळ्यात देखणी गाडी होती, आणि ती वर्षातून चार वेळा चालायची. दसऱ्याला, पाडव्याला, त्याच्या वाढदिवसाला आणि एखाद्या मोठ्या घरच्या लग्नात. एरवी ती मेहरूण तलावाजवळच्या बंगल्यात, गादीवाल्याकडून मुद्दाम शिवून घेतलेल्या कापूस भरलेल्या खोळीखाली निजून असे. लाल रंगाची, दोनच माणसांची, टप उघडणारी विलायती गाडी. बनावट तीस वर्षांपूर्वीची. अभिमन चौधरीने ती ब्याण्णव साली मुंबईच्या एका दलालाकडून घेतली, तेव्हा बघायला निम्मं मेहरूण लोटलं होतं.

अभिमनचा धंदा केळीचा. म्हणजे धंदा वडिलांनी उभा केलेला. रावेरहून दिल्लीला केळीच्या वॅगनी जायच्या, त्या अजूनही जात होत्या, आणि अभिमनच्या मते त्या त्याच्यामुळे जात होत्या. शेतकीची पदविका त्याने दोनदा नापास होऊन मिळवली होती. ती दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत लावलेली होती, आणि नवीन माणूस आला की त्याला बरोबर तिच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं जाई.

लताबाई रावेरच्याच. त्यांच्या माहेरी ट्रॅक्टर होता आणि वडिलांच्या मागे त्यांनी तो दोन हंगाम स्वतः चालवला होता. त्यामुळे यंत्राला काय लागतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. अभिमनला ते सांगण्यात अर्थ नाही, हेही लग्नानंतर वर्षभरात त्यांना कळून चुकलं होतं.

संध्याकाळी दुकानातून आला की अभिमन गॅरेजमध्ये जायचा. खोळ काढायचा, फडक्याने बॉनेट पुसायचा आणि आत बसायचा. इंजिन सुरू करायचा नाही, पेट्रोल जळतं. नुसता रेडिओ लावायचा. एक हात स्टेअरिंगवर, दुसरा दारावर, नजर समोरच्या भिंतीवर. पाऊण तास. पाहुणे असले तर एकेकाला शेजारी बसवून भिंतीकडे बघायला लावायचा.

आणि मग दसरा उजाडला की किल्ली फिरवल्यावर टक् असा एक आवाज यायचा. बॅटरी उतरलेली.

मग सायकलवरून उखर्डू मिस्तरी यायचा. उखर्डू सोनवणे, अजिंठा रोडला पत्र्याच्या टपरीत बॅटऱ्या चार्ज करायचा, डायनामोची जळकी तार काढून नवी भरायचा. मूळचा पारोळ्याकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. अॅसिडने त्याच्या प्रत्येक शर्टाला भोकं पडलेली असत. बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून न्यायचा, दुसऱ्या दिवशी आणून बसवायचा आणि दर वेळी तेच सांगायचा.

“भाऊ, आठ दिवसांतून एकदा तरी एरंडोलपर्यंत हाणत जा. उभी गाडी बॅटरी खाते. नाही जमलं तर एक वायर सोडून ठेवा. आणि रेडिओ घरात ऐका.”

“तू बॅटरीचं बघ,” अभिमन म्हणायचा. “एरंडोलच्या रस्त्यावर खडी उडते. रंगाला टवका गेला तर तू देणार आहेस का?”

लताबाई चहा घेऊन उभ्या असायच्या. त्यांना वाटायचं, या माणसाने घोडा घेतला असता तर तोही दावणीला बांधून मारला असता. पण वाटायचं तेवढंच. बोलून बोलून जीभ झिजवण्यापेक्षा मनातल्या मनात हसणं त्यांना सोपं जाऊ लागलं होतं. आणि एकदा त्याची चटक लागली, की माणूस दुसऱ्याचं चुकतंय तिथे मुद्दाम बघत बसतो.

चौऱ्याण्णवच्या सव्वीस जानेवारीला गावातल्या हौशी लोकांनी जुन्या गाड्यांची फेरी काढायचं ठरवलं. जळगाव ते धुळे, झेंडावंदनानंतर निघायचं, धुळ्याला जेवण आणि सत्कार. अभिमनने महिनाभर आधी पांढरी टोपी शिवून घेतली. गाडी सुरू होते का, हे पंचवीस तारखेला बघितलं.

टक्.

उखर्डूने बॅटरी तपासली आणि मान हलवली. दोन सेल मेले होते. चार्ज करून उपयोग नव्हता. नवीन आणावी लागणार. “सकाळी सहाला आणून मीच बसवतो,” तो म्हणाला. “तुम्ही हात लावू नका, भाऊ. गाडी वेगळी शे.”

सहाला पाच कमी असताना तो आला. थंडी चांगली होती. उखर्डूने मफलर गुंडाळलेला, सायकलला नवी बॅटरी. त्याने बॅटरी जागेवर ठेवली, बॉडीकडून आलेली जाड वायर उचलली आणि प्लसच्या खांबाला लावायला घेतली.

“ए, ए,” अभिमन म्हणाला. “काय करतोयस?”

“प्लस बॉडीला देतो.”

“प्लस बॉडीला?”

“हो. ही गाडी उलटी शे, भाऊ. आपल्या इकडच्या गाडीला मायनस बॉडीला असतो. हिच्या कारखान्याने प्लस दिलेला. पहिल्या दिवसापासून मी तसंच लावतो.”

अभिमन हसला. आधी उखर्डूकडे बघून आणि मग लताबाईंकडे बघून, म्हणजे हा विनोद त्यांनाही कळावा म्हणून. “जगातल्या सगळ्या गाड्यांना मायनस बॉडीला असतो. माझ्या जीपला आहे. ट्रॅक्टरला आहे. अरे, एवढ्या सकाळी टाकून आलास की काय?”

उखर्डूचा हात थांबला. त्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. त्याच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी तो पोरांना वीज आणि तारा शिकवायचा, आणि दारूबंदीच्या सभेत पहिला बसायचा. हे मेहरूणमध्ये ज्याला त्याला ठाऊक होतं. लताबाईंना तर होतंच.

“भाऊ, खांब बघा,” तो शांतपणे म्हणाला. “प्लसचा खांब जाड असतो. ही वायर त्यालाच बरोबर बसते. दुसऱ्यावर ढिली होईल.”

“मला शिकवू नको. डिप्लोमा माझ्याकडे आहे. सरक.”

उखर्डूने एकदा लताबाईंकडे बघितलं. मदत मागत नव्हता तो, नुसतं बघितलं. लताबाईंना ट्रॅक्टरचे दोन खांब आठवत होते, एक जाड, एक बारीक. उखर्डू खरं बोलतोय हे त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं. पण त्यांनी पदर सावरला आणि कपबश्या उचलल्या. होऊ दे याच्या मनासारखं, त्यांना वाटलं. एकदा होऊनच जाऊ दे.

उखर्डूने पाने पिशवीत टाकले, सायकल वळवली आणि गेला. पैशाचं नाव काढलं नाही.

ढिल्या खांबावर अभिमनने पत्र्याची पट्टी गुंडाळली, घट्ट खांबावर हातोडीने वायर ठोकून बसवली आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली.

“बघितलंस?” तो म्हणाला. “या लोकांना काही कळत नाही. कुणी विचारत नाही म्हणून चालतं यांचं.”

मग त्याने रेडिओ लावला. रेडिओने आवाज केला नाही, नुसता बारीक निळसर धूर सोडला. अभिमनने खिडकीची काच खाली केली आणि म्हणाला की जुना होता, जाणारच होता.

फेरीत अकरा गाड्या होत्या. सगळ्यात पुढे तेलगिरणीवाले मोतीलालशेठ, त्यांच्या वडिलांच्या काळ्या मोटारीत. अभिमन तिसरा. थंडीत टप उघडा, डोक्यावर पांढरी टोपी, शेजारी शालीत गुंडाळलेल्या लताबाई. पाळधीपर्यंत लोकांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून हात हलवले आणि अभिमननेही हलवले. पाळधीच्या पुढे रबर जळाल्याचा वास यायला लागला. लताबाईंनी नाकाला पदर लावला. अभिमन म्हणाला, पुढच्या गाडीचा आहे.

एरंडोल ओलांडून तीन-चार किलोमीटर गेल्यावर गाडी दोनदा अडखळली आणि रस्त्याच्या कडेला, कपाशीच्या शेताला लागून, गप्प झाली. किल्ली फिरवली तर टक् सुद्धा नाही.

मागच्या आठही गाड्या हॉर्न वाजवत पुढे निघून गेल्या. एका फियाटमधून कुणीतरी पांढरा रुमाल हलवला.

शेवटच्या वेचणीला निघालेल्या चार-पाच बायका शेताच्या बांधावर थांबल्या होत्या. अभिमनने त्यांना हाक मारली. “ए बायांनो, इकडे या. ढकला जरा. लता, तू उतर, वजन होतं.”

लताबाई उतरल्या. बायकांनी पाट्या खाली ठेवल्या आणि ढकलायला लागल्या. अभिमन आत बसून मान वळवून सूचना देत होता: जोरात, एकसारखं, पत्र्याला बांगड्या लावू नका. शंभर पावलं गाडी गेली. पुन्हा शंभर. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, झुंबरबाई म्हणून हाक मारत होत्या तिला, कमरेवर हात ठेवून थांबली.

“बाई,” ती लताबाईंना म्हणाली, “हाई आपोआप चालस का, का रोज असंच शे?”

बाकीच्या हसल्या. लताबाईही हसल्या, मोठ्याने, कित्येक वर्षांत हसल्या नव्हत्या तशा. अभिमन दार आपटून उतरला.

बायका पाट्या घेऊन गेल्यावर तो बॉनेट उघडून उभा राहिला. आतल्या एका काळ्या डबीतून वितळलेलं काहीतरी ओघळलं होतं.

“उखर्डूभाऊंनी सांगितलं होतं,” लताबाई म्हणाल्या.

“तुला माहीत होतं?”

“तो बरोबर बोलतोय, एवढं कळत होतं.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

“ऐकलं असतंत?”

अभिमनने टोपी काढली, डोकं खाजवलं. “नाही,” तो म्हणाला.

बारा वर्षांच्या संसारात त्याने दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर असावं. लताबाईंना त्याची कीव आली नाही. पण स्वतःबद्दल मात्र त्यांना काहीतरी खुपलं. तो ऐकणार नव्हता हे खरं. पण उखर्डूला तर ऐकू गेलं असतं.

त्यांनी शाल खांद्यावर टाकली. एरंडोलकडे जाणाऱ्या एका ट्रॅक्टरला हात केला आणि तिथून जळगावची एस.टी. धरली. अभिमन गाडी राखत बसला. दुपारी गाडी उसाच्या ट्रॅक्टरच्या मागे दोराने बांधून त्याला घरी आणलं. धुळ्याचा सत्कार मोतीलालशेठांनी घेतला.

लताबाई बंगल्यावर गेल्याच नाहीत. स्टँडवरून रिक्षा करून त्या उखर्डूच्या वस्तीत गेल्या. विहारापुढे झेंडा लागला होता, पोरं घटनेची प्रस्तावना म्हणून दाखवत होती आणि उखर्डू कडेला पांढऱ्या शर्टात उभा होता. या शर्टाला भोकं नव्हती. त्याची बायको रुक्माबाई हिने खुर्ची आणून ठेवली.

“गाडी एरंडोलला बंद पडली,” लताबाई म्हणाल्या.

उखर्डूने मान हलवली.

“मी त्यासाठी आले नाही. सकाळी मी बोलायला हवं होतं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.”

“हो,” उखर्डू म्हणाला. “मी बघितलं.”

रुक्माबाईंनी चहा दिला, लताबाईंनी तो प्यायला. निघताना उखर्डू फाटकापर्यंत आला. “वहिनी, तुमच्यावर राग नाही,” तो म्हणाला. “पण आता बंगल्यावर येणार नाही मी.”

मार्चमध्ये अभिमनने नाशिकहून इंजिनिअर बोलावला. टाय लावलेला, कातडी बॅग घेतलेला तरुण. त्याने पाच मिनिटं बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि वर आला.

“ही पॉझिटिव्ह अर्थ गाडी आहे. प्लस बॉडीला जातो. कुणीतरी उलटी बॅटरी लावली, कट-आऊटची ही डबी जळली, डायनामो गेला.”

“असं होय,” अभिमन म्हणाला, आणि लताबाईंकडे वळून, “बघ, शिकलेला माणूस असला की कसं लगेच कळतं.”

लताबाईंच्या हातात चहाचा ट्रे होता. तो त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवला. अभिमनचा चेहरा आक्रसला.

“आमच्या इथल्या उखर्डू मिस्तरींनी हे सव्वीस जानेवारीला सांगितलं होतं,” त्या इंजिनिअरला म्हणाल्या. “तेव्हा यांनी त्यांना दारू पिऊन आलास का विचारलं, आणि स्वतःच्या हाताने उलटी बॅटरी ठोकली. मी तिथेच उभी होते.”

इंजिनिअरने चहाचा कप उचलला, दोघांकडे आळीपाळीने बघितलं. “हे मिस्तरी डायनामो भरतात का?” त्याने विचारलं. “माझ्याकडे या गाडीचा माणूस नाही.”

उखर्डू भरत होता. पण त्याचा निरोप आला: गाडी टपरीवर आणा.

तेव्हा दोन हमालांनी ती लाल गाडी ढकलत भर दुपारी अजिंठा रोडने नेली. अभिमन शेजारून चालत होता, रंगाला कुणी हात लावू नये म्हणून. टपरीशी उखर्डूने त्याच्याकडे बघून रिकामी क्रेट पालथी केली. “बसा, भाऊ.”

अभिमन बसला. चार तास बसला. उखर्डूने डायनामो उघडला, तारा मोजल्या, भरल्या. अभिमनने घड्याळ बघितलं, रस्त्यावरची वाहनं बघितली, दोनदा घसा खाकरला. माफी मागितली नाही.

घरी आल्यावर त्याने लताबाईंना सांगितलं की मिस्तरीला आपण चांगलं समजावून दिलं आहे. लताबाई भाकरी थापत होत्या. “काय समजावलंत?” त्यांनी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.