सोडलेल्या जागा

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. संगणकापुढे पडलेला असतो तो नव्हे हो. मी वाजवायचा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, दोन्ही अंगांना स्पीकर असलेला आणि आता कडेकडेने पिवळा पडलेला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे आम्हाला ना आई ना बाप. एक सरकता पट्टा होता, त्यावर आम्ही रांगेने पडलेले असायचो. पट्ट्याच्या शेवटी सुती हातमोजे घातलेली एक बाई बसायची. ती खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत एकेक पट्टी दाबायची, कान तिरका करून ऐकायची आणि पुढे ढकलायची. माझ्या अंगावर वाजलेलं पहिलं गाणं म्हणजे तेवढंच. मला ढकललं तेव्हा ती जांभई देत होती. कौतुकाची फार सवय लागू नये, म्हणून नशिबाने सुरुवातच तशी करून दिली असावी.

मला दोन भावांनी घरी नेलं. थोरला गायचा, धाकटा वाजवायचा. थोरल्याला सगळे दादा म्हणत, त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. धाकट्याला सगळे धाकटाच म्हणत. त्याचे केस पिकले, चाळिशी लागली, तरी तो धाकटाच राहिला.

त्यांचा बँड होता. वडिलांच्या तरुणपणातली रॉक गाणी ते वाजवायचे. मित्रांनो, या गाण्यांची एक गंमत आहे. त्यातल्या कित्येकांची सुरुवात आमच्यावर होते. चार सूर वाजले की अख्खा हॉल "अरे!" म्हणून सावरून बसतो. पण ते चार सूर संपले की गायक तोंड उघडतो आणि आमची रवानगी मागच्या रांगेत होते. दार उघडायचं आम्ही, घर दादाचं.

धाकट्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. साथ करणाऱ्याचं मोठेपण जागा सोडण्यात असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं. दादा ओळ म्हणायचा तेव्हा तो हात आवरता घ्यायचा. दादा श्वास घ्यायचा तेवढ्यात तो दोन सूर पेरून मोकळा व्हायचा. दादाने एखादी सुरेख जागा घेतली की लोक "वा!" म्हणायचे. एक जागा घेणारा, एक जागा सोडणारा. संसारसुद्धा इतका नीट जमत नाही कुणाचा.

ती वर्षं माझ्या भरभराटीची. हॉल, क्लब, कॉलेजांची स्नेहसंमेलनं, सगळीकडे मी फिरलो. माझ्या डोक्यावर चहाच्या कपांची वर्तुळं उमटली. ती मी अजून मेडल म्हणून मिरवतो.

मग दादाच्या घशात काहीतरी निघालं. डॉक्टरांनी जीव वाचवला, आवाज वाचला नाही. दादा बोलायचा तेव्हा नुसती हवा बाहेर यायची, शब्दाच्या आकाराची. जवळ जाऊन ऐकलं तर कळायचं, नाहीतर नाही. बँड मोडला. गिटारवाला दुसऱ्या गावी गेला. ड्रम वाजवणारा, ज्याला सगळे ठोक्या म्हणत, तो टायरच्या दुकानात लागला. धाकटा एका गोदामात माल उतरवून घ्यायला जाऊ लागला. आणि मी? मला कपाटामागे उभं केलं. माझ्या खांद्यावर इस्त्रीच्या चादरी आल्या. एका कोळ्याने माझ्या वरच्या पट्ट्यांत संसार थाटला. इतकी वर्षं गाण्यात काढली आणि शेवटी मी कपडे टाकायचा घोडा झालो.

एके दिवशी चादरी उतरल्या. एका हॉटेलच्या मॅनेजरला जेवणाच्या दालनात शनिवारी संध्याकाळी वाजवायला एकटा माणूस हवा होता.

"गाणारा नको," त्याने फोनवर बजावलं होतं. "लोकांना जेवताना गप्पा मारायच्या असतात. पण वाजवणं असं हवं, की गप्पा मारता मारता त्यांनी मान डोलवली पाहिजे. आधी एकदा येऊन वाजवून दाखवा."

त्या दिवशी धाकटा वहिनीला म्हणाला, "वहिनी, हे जमलं तर जमलं. नाहीतर हा कीबोर्ड कुणाच्या तरी पोराला देऊन टाकू. घरात नुसता बघवत नाही." वहिनी म्हणजे दादाची बायको. ती चादरी उचलून आत गेली. मी मात्र गारठलो. पोरं माझ्या पट्ट्यांवर काय काय चिकटवतात, ते मी ऐकून होतो.

गाणी निवडायला सुरुवात झाली. बाहेरच्या खोलीत मला मांडलं. समोर खिडकीपाशी दादा आरामखुर्चीत. ठोक्या दुकान बंद करून आला आणि धाकट्याच्या शेजारी स्टूल ओढून बसला.

"गिटारची गाणी घेऊ नकोस हं," तो म्हणाला. "मागे तू गिटारचं रडणं यावर काढलंस, तेव्हा शेजारच्या काकू मांजर शोधत आल्या होत्या."

"मग काय घेऊ?"

"जे याचं आहे तेच घे. सुरुवात वाजली की माणसाचा घास हातात राहिला पाहिजे."

धाकट्याने एक बटण दाबलं. माझ्या पोटात तयार ताल भरलेले आहेत, त्यातला एक टकटक करू लागला.

"हा कोण?" ठोक्याने भुवया चढवल्या.

"आतला ताल आहे. एकट्याने वाजवायचं म्हणजे लागणारच."

"चहा मागत नाही, दांडी मारत नाही. मला काडीमोड दिलास म्हण की सरळ!"

दादा हसला. म्हणजे त्याचे खांदे हलले.

त्या घरात गाण्यांना खऱ्या नावांनी कुणी हाक मारत नसे. एक होतं 'घोड्याचं'. त्यात डावा हात दौडत राहतो. ते ठेवलं. एक 'तीन मजली', कारण त्याचे तीन भाग. "लोक जेवायला येणार आहेत, परीक्षेला नाही," म्हणून ठोक्याने ते गाळायला लावलं. एकात मी दोनच कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, धरून उभा राहतो आणि सगळी करामत ड्रमची असते. ते गाळताना ठोक्याची छाती फुगली होती. शेवटी आलं 'धुक्याचं'. त्याची सुरुवात ऑर्गनच्या लांब, दाटून आलेल्या सुरांनी होते. ते दादाचं सर्वांत लाडकं गाणं.

धाकट्याने ते वाजवलं. सुरुवात अशी उतरली, की मला माझाच हेवा वाटला. मग त्याने हात हलके केले, कॉर्ड धरले, थोडं थांबला, दोन सूर पेरले, पुन्हा थांबला.

"अरे, गाणं कधी सुरू होणार?" ठोक्या म्हणाला.

"वाजवतोय की."

"काय वाजवतोयस? पाट मांडलेत, पाणी ठेवलंय, जेवण कुठाय? अरे, तू अजून दादाची जागा सोडतोयस! तिथे आता कोणी..."

आणि त्याने जीभ चावली.

धाकट्याने हात उचलले. त्याच्या ते खरंच ध्यानात आलं नव्हतं. सगळी गाणी तो तशीच वाजवत होता. चाल वाजवायचीच नाही, ती दादाची, हे त्याच्या बोटांत इतकं मुरलं होतं.

पण मित्रांनो, त्या रिकाम्या जागांत काय चाललं होतं ते मी पाहिलं. मी दादाच्या समोरच होतो. धाकटा थांबला की दादाचे ओठ हलत. बरोबर तालात. ओळ संपली की श्वास, मग पुढची ओळ. वरच्या सुरापाशी त्याच्या मानेची शीर ताठ होई, अगदी पूर्वीसारखी. नव्हता तो फक्त आवाज. धाकटा आणि ठोक्या, दोघंही पट्ट्यांकडे बघत होते. वहिनी दारात उभी होती, तिने पाहिलं. ती पुढे आली आणि म्हणाली, "भावजी, तसंच राहू द्या ना..."

दादाने तिच्याकडे पाहून मान हलवली. नको. मग त्याने धाकट्याला बोटाने जवळ बोलावलं. धाकटा वाकला.

"जागा घे," दादाची हवा म्हणाली.

"कुठली रे?"

"सगळ्या."

आता याचा अर्थ गाण्यातल्या जागा, की आणखी काही, ते धाकट्याने विचारलं नाही. तो माझ्यापाशी येऊन बसला आणि 'धुक्याचं' पुन्हा सुरू केलं. या वेळी उजव्या हाताने त्याने चाल धरली. दादाचे ओठ सवयीने उघडले, अर्धी ओळ चालले आणि थांबले. आपल्या खुर्चीत पाहुणा बसलेला दिसावा आणि माणसाने उभ्यानेच "बसा, बसा" म्हणावं, तसं त्याने हसून तोंड मिटलं.

हॉटेलात सगळं मनासारखं झालं. एका माणसाचा चमचा हवेत राहिला. एका म्हातारीने नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि दोघं टेबलाखाली पायाने ताल धरून बसली. मॅनेजर म्हणाला, "हेच पाहिजे होतं. दर शनिवारी या." जन्मात पहिल्यांदा टाळ्या नुसत्या माझ्यासाठी वाजल्या. त्या मला पचल्या नाहीत.

पुढे दादा बाहेरच्या खोलीत कमी बसू लागला. आधी म्हणाला खिडकीतून वारा लागतो, मग म्हणाला मागच्या खोलीत पडायला बरं. सगळ्यांना ते पटलं. आजारी माणसाचं कुठलंही कारण पटतं.

बऱ्याच शनिवारांनंतर वहिनी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "भावजी, एक सांगायचं राहिलं. तुम्ही मध्ये मध्ये थांबायचात ना, तेव्हा हे गायचे."

"कोण?"

"आणखी कोण? ओठांनी. तुम्ही खाली बघायचात."

धाकटा जागच्या जागी बसला. मग उठला, मला उचललं आणि मागच्या खोलीत दादाच्या पलंगासमोर मांडलं. त्याने 'धुक्याचं' सुरू केलं. चालीपाशी आला, हात आवरला आणि मान वर करून दादाकडे बघत राहिला.

ती जागा फार लांब होती. माझा धरलेला सूर थरथरत राहिला.

दादाचे ओठ मिटलेलेच होते.

"म्हण ना," धाकटा म्हणाला. "दादा, म्हण की रे."

"शब्द गेले," दादाने सांगितलं.

"असं कसं? तुझंच गाणं आहे."

"वाजव तू. ऐकायला... बरं वाटतं."

धाकट्याने वाजवलं. चुकत चुकत वाजवलं. दादाचे शब्द खरंच गेले होते, की भावाचा हात अडू नये म्हणून त्याने थाप मारली होती, मला आजवर कळलेलं नाही. दादा मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होता, आणि बाकीच्या लोकांसारखी मान डोलवत होता.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना जपणं सोपं असतं. कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका, अंगावर चादरी रचू नका. माणसाचं तेवढ्याने भागत नाही. तुमच्या घरात कुणी गप्प झालं असेल, तर हातातलं काम थांबवून त्याच्या तोंडाकडे बघा. ओठ हलत असतील तर विचारा, आणि तुम्हाला दिसलं असेल तर त्याच दिवशी सांगून टाका. मी सगळं पाहिलं होतं. पण मला बोलायला दुसऱ्याची बोटं लागतात. तुम्हाला नाही लागत.