डाव्या टायरांची बाहेरची कड

दत्तारामाने तीस वर्षं डिचोलीच्या खाणींवर ट्रक हाकला. खाणी बंद पडल्या, ट्रक भंगारात गेला आणि हा पार्से गावच्या घरी ओसरीवरच्या बाकावर बसला तो सगळ्यांवर डाफरतच. मग बोटीवर नोकरीला असलेल्या पुतण्याने, साईशने, लाल स्पोर्ट्स कार घेतली आणि जाताना चावी काकाच्या हातात ठेवली.

"आठवड्यात एकदा फिरव. नायतर टायर एका जाग्यार बसतत."

आठवड्यातून एकदा! दत्तारामाने ती रोज काढली. पण गाडीचं पोट जमिनीला टेकलेलं आणि गावात पावलागणिक गतिरोधक. एकही नाही असा रस्ता एकच, देवळाभोवतीचा. आंघोळ करून रोज एकवीस फेऱ्या, तेही आठ महिने.

साईश यायच्या आदल्या दिवशी डाव्या टायरांची बाहेरची कड पार गुळगुळीत झालेली दिसली. म्हापशाच्या बाबली टायरवाल्याने उकिडवं बसून पाहिलं.

"एकाच बाजूक वळवतस काय रे?"

"देवळाभोवती फिरवतंय. मगे?"

"मगे आता चार म्हयने उलटो फिर."

"जीभ झडात तुझी!"

पण साईशने पाहिलं तर चावी जाणार, आणि पुन्हा ओसरीवरचा तो बाक. दत्ताराम खरोखर घाबरला. शेवटी बाबलीने डावे टायर उजवीकडे असे बसवले की झिजलेली कड आत गेली. वरून गाडी नवीकोरी.

साईश मोपा विमानतळावर उतरला, घरी आला, गाडी पाहून खूश झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बॅगा भरल्या, बायकोला, संजनाला, शेजारी बसवलं आणि म्हणाला, "मुंबैक जातंव."

झिजलेल्या टायरांच्या गाडीत दत्तारामाने कधी स्वतःचा क्लीनरही बसवला नव्हता. तो बॉनेटपुढे आडवा उभा राहिला.

"उतर. टायर गेलेत. मीच घालवलंय."

त्याने साईशचा हात धरून आतल्या कडेवर फिरवला आणि सगळं सांगून टाकलं.

"रोज एकवीस फेरे? कित्याक?"

"दोन, तुझी बोट सुखरूप येवची म्हणान," दत्ताराम खाली बघत म्हणाला. "एकोणीस, माका बरा वाटता म्हणान."

साईशने चावी काढून खिशात घातली. दत्ताराम घराकडे वळला.

"खंय चललस? नवे टायर येवंदेत. मगे हायवेन बांदा गावापर्यंत जावया. तू चालव."

घाटात ब्रेक गेले तेव्हाही जो रडला नव्हता, तो भर अंगणात उभ्याने रडला. संजना बॅगा उतरवू लागली.