आत्याची कात्री

मित्रांनो, मी कापड कापायची एक जुनी कात्री आहे. सध्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली आहे आणि पुढे माझे काय होणार या काळजीने मला चैन पडत नाही. काळजी करणे हा आता माझा स्वभावच झाला आहे.

एका लोहाराने मला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंसाठी मुद्दाम घडवले. बाई जेवायच्या, लिहायच्या उजव्या हाताने, कारण लहानपणी वडिलांनी तशी शिस्त लावली होती. कापड मात्र डाव्या हातानेच कापायच्या. म्हणून माझी पातीही उलटी बसवली. त्यांची भाची टेबलापलीकडे, अगदी समोर बसून टक लावून बघायची. तिला आत्याचा डावा हात आपल्या उजव्या बाजूला दिसायचा. म्हणून आत्या उजव्या हाताने कापते, असा पोरीचा समज झाला.

बाई गेल्या आणि मी भाचीकडे आले. मोठ्या शहरात, एका छापखान्यावरच्या खोलीत तिने आणि तिच्या दोन दोस्तांनी कपड्यांचा स्वतःचा छोटा ब्रँड काढला होता. काय ती मंडळी! फोटो काढणारा पडद्याच्या कापडाचा कोट घालून मिरवायचा. भरतकाम करणारी मैत्रीण दोन पायांत दोन रंगांचे बूट घालायची. सगळ्यांनी मला "काय झकास पीस आहे!" म्हटले. मी हुरळून गेले.

मग भाचीने मला उजव्या हातात धरले. उलट्या हातात माझी पाती फाकतात, कापड मध्येच दुमडते आणि काठ कुरतडल्यासारखे होतात. तिने मला दोनदा धार लावून आणली. पुन्हा तेच. दोस्तांनी दुसरी कात्री घे म्हटले तर ऐकेना.

"आत्यानं जन्मभर हिनंच कापलं. खोट कात्रीत नाही, माझ्या हातात आहे," असे ती म्हणायची.

मला ओरडून सांगावेसे वाटे. पण बोलणार कशी?

गंमत म्हणजे ते कुरतडलेले काठच लोकांना आवडले. "उंदीर स्टाइल! भारीच!" असे एक गिऱ्हाईक म्हणाले. सगळे हसले. भाची मात्र तो काठ पुन्हा पुन्हा सरळ करू लागली.

शहरातल्या मोठ्या फॅशन शोसाठी तिने आत्याने जपून ठेवलेले रेशीम बाहेर काढले. तेवढेच कापड होते. "हे बिघडलं तर मी हे काम सोडणार," तिने दोस्तांना सांगितले. मला धडकी भरली. बिघडवणार तर मीच होते.

कापायच्या दिवशी सकाळी तिच्या उजव्या तळव्याला इस्त्रीचा चटका बसला. हात बांधावा लागला.

"दे, मी कापते," मैत्रीण म्हणाली.

"नको. बिघडायचंच असेल तर माझ्या हातून बिघडू दे."

तिने मला डाव्या हातात घेतले. त्या हाताला कापायची सवय नव्हती. मी मात्र सरसर निघाले! ती थांबली. काठावरून बोट फिरवले. मग मला मैत्रिणीच्या डाव्या हातात देऊन, तिला एक चिंधी कापायला लावून ती टेबलापलीकडे जाऊन बसली, लहानपणी बसायची तशी. मैत्रिणीचा डावा हात तिला आपल्या उजव्या बाजूला दिसला.

"अगं, आत्या डावखुरी होती!" ती म्हणाली आणि हसता हसता रडू लागली.

रेशमाचा झगा सुरेख झाला. नंतर भाचीने साधी उजव्या हाताची कात्री आणली. आता तिचा हात असा चालतो की आत्याच आठवते. मला मनापासून आनंद झाला. पण माझे काय? "भिंतीवर काय शोभेल ही!" असे म्हणत फोटोवाल्याने मला खिळ्यावर टांगले. येणारे जाणारे कौतुक करतात. कौतुकाने गंज थांबत नाही हो.

मित्रांनो, एखादी वस्तू नीट चालेना किंवा एखाद्या मुलाला काही जमेना, तर बोथट म्हणून मोकळे होऊ नका. आधी हात बदलून बघा. मला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, एवढेच मागणे.

मी रोज येणाऱ्यांचे हात बघते. चहाचा कप कोण कोणत्या हाताने उचलतो ते बघते. आत्ताच एका नव्या मुलीने दार डाव्या हाताने ढकलले. उजव्या हातात पिशव्या होत्या, म्हणूनही असेल. ती आता पिशव्या खाली ठेवते आहे.