शाळा हळू चालवा

माझं शिवणाचं मशीन खिडकीशी आहे आणि खिडकी रस्त्यावर उघडते. समोर शाळेचं फाटक. सकाळी माझे सासरे, म्हणजे आमचे अप्पा, नातीचा, माझ्या चिऊचा, हात धरून रस्ता ओलांडायला उभे राहिले की माझा पाय पायडलवरून आपोआप उचलला जायचा. दोघं पलीकडच्या फुटपाथवर चढले की मशीन पुन्हा सुरू. मधल्या वेळात माझा जीव कुठे असायचा ते विचारू नका. एखादी बाई माप द्यायला उभी असली तर टेप तिच्या खांद्यावर आणि माझे डोळे बाहेर. एकदा असंच एका ब्लाउजची बाही दुसऱ्याच्या मापाची झाली होती.

अप्पा त्याच शाळेत मराठीचे मास्तर होते. नोकरी संपली, तपासणं संपलं नाही. खिशात खडूचा तुकडा कायम. औषधवाल्याच्या फळ्यावरची वेलांटी त्यांनी बदलली, बेकरीवाल्याच्या भावफलकावर अनुस्वार दिला. मी लग्न करून आले आणि पुढच्या खोलीत दुकान थाटलं तेव्हा माझ्या पाटीवर ‘शीलाई’ असं लिहिलं होतं. सासऱ्यांनी पाटीखाली उभं राहून मला सांगितलं, “सूनबाई, वेलांटी पहिली.” आठवडाभर मी धुसफुसत होते. मग गपचूप पाटी बदलून आणली. करणार काय, बरोबर होते ते.

तर एक दिवस शाळा सुटल्यावर एक निळी डिलिव्हरीची गाडी अशी काही सुसाट आली, की अप्पांच्या हातातली छत्री तिच्या आरशात अडकून लांब जाऊन पडली. चिऊला त्यांनी मागे ओढलं होतं म्हणून बरं. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. अप्पा छत्रीच्या मोडक्या काड्या घेऊन घरात आले आणि पाणी मागितलं.

आमचे हे तसे शांत स्वभावाचे. पण त्या रात्री जेवताना म्हणाले, “अप्पा, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर चिऊ शाळेच्या बसने जाईल.”

“समोर तर शाळा आहे,” अप्पा म्हणाले.

“बस वळसा घालून फाटकाच्या आत सोडते. रस्त्याचं काही झालं सुट्टीत, तर बघू. नाहीतर माझा शब्द शेवटचा.”

 अप्पांच्या दिवसात चिऊला शाळेत पोचवणं ही एकच गोष्ट होती जिच्यासाठी ते इस्त्रीचा शर्ट घालत. बाकी दिवसभर बनियनवर. मला नवऱ्याचा राग आला, आणि तो बरोबर बोलतोय याचा त्याहून जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी अर्ज लिहिला. शाळेजवळ गतिरोधक बसवावा, अशी विनंती. सह्या करायला गल्ली लोटली. पण गतिरोधक नेमका कुठे, या प्रश्नावर गाडं अडलं. औषधवाला म्हणाला, “माझ्या दारात नको हं, गाड्या आदळल्या की बाटल्या खाली येतात.” बेकरीवाला म्हणाला, “माझ्याकडे हादरे बसले तर केक फुगायचा नाही.” गतिरोधक प्रत्येकाला हवा होता, फक्त शेजाऱ्याच्या दारात. शेवटी अप्पांनी लिहिलं, आमच्याच दारात बसवा, आणि अर्ज रवाना झाला.

रस्त्यांच्या कचेरीतून उत्तर आलं. ‘आपल्या अर्जाबाबत कार्यवाही चालु आहे.’ बरं झालं, असं म्हणून एखाद्याने तो कागद जपून ठेवला असता. अप्पांनी लाल पेनने ‘चालु’खाली रेघ मारली, समासात ‘लू दीर्घ’ असं लिहिलं आणि कागद टपालाने परत पाठवला.

हे कळल्यावर आमच्या ह्यांनी कपाळावर हात मारला. “अहो अप्पा, ज्यांच्याकडून काम करून घ्यायचंय त्यांनाच नापास करता?”

“नापास कुठे केलं? सुधारून दिलं.”

मग कचेरीने अशी काही चुप्पी साधली की विचारता सोय नाही. सुट्टी संपत आली तशी मीच अप्पांना घेऊन तिथे गेले. साहेब तरुण होते. अप्पांचं नाव ऐकताच त्यांनी समोरचा कागद हळूच उलटा करून ठेवला. म्हणाले, “हा रस्ता इस्पितळाकडे जातो, ॲम्ब्युलन्सला गतिरोधक नडतो. तो मिळणार नाही. रस्त्यावर अक्षरं रंगवून देतो. पण मजकूर आमचा राहील.”

“शुद्ध असला म्हणजे झालं,” अप्पा म्हणाले. मी त्यांना कोपराने ढोसलं.

मजकूर ठरला ‘हळू चालवा, शाळा आहे’. पेंटर आला, दोन्ही बाजूंनी अक्षरं काढून गेला. एका बाजूला ‘आहे’च्या जागी गटाराचं झाकण आलं म्हणून त्याने ‘आहे’ दोन्हीकडे गाळलं. आणि लिहिलं कागदावर लिहितात तसं, ‘हळू चालवा’ वरच्या ओळीत, ‘शाळा’ खालच्या. पण गाडीवाला येतो खालून. त्याच्या चाकाखाली आधी ‘शाळा’ येते, मग ‘हळू चालवा’. म्हणजे गाडीतून वाचलं तर, शाळा हळू चालवा.

गल्ली हसून लोटपोट. अप्पा मात्र खिडकीशी बसून तळमळत होते. “असं कसं लिहिलं? असं कसं?” एकदा खडू घेऊन निघालेही. मी दारात आडवी झाले. “भर रस्त्यात बसून ही ओळ वर, ती खाली असे बाण काढणार आहात का? खडू ठेवा आणि बसा इथे.”

ते बसले, म्हणून त्यांना दिसलं. एक मोटरसायकलवाला सुसाट आला, वाचलं, ब्रेक दाबला, मान वळवून शाळेकडे पाहिलं आणि हसत हळूहळू पुढे गेला. मागून एक मोटार आली. तिचीही तीच गत. जो तो वेग कमी करायचा, आपण वाचलं ते खरंच लिहिलंय का हे बघायला. संध्याकाळी ती निळी गाडीसुद्धा आली आणि आमच्या दारात रांगत गेली. आत दोघं खो खो हसत होते.

“अप्पा, पाहिलंत?” मी विचारलं.

“पाहिलं,” ते म्हणाले, आणि खडू खिशात घातला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी साहेब स्वतः आले. बरोबर पेंटर आणि काळ्या रंगाचा डबा. मुख्याध्यापिकाबाईंना म्हणे येता-जाता कुणीही सांगत होतं, बाई, जरा हळू चालवा. त्यांनी तक्रार केली होती. रस्त्यावर गर्दी जमली. आमचे हे सुट्टी असल्याने घरीच होते, तेही बाहेर आले.

“मास्तर,” साहेब म्हणाले, “चूक झाली आमची. तुम्ही लाल पेन काढायच्या आधीच पुसून टाकतो. इथे नुसते पट्टे मारू.”

सगळे अप्पांकडे पाहू लागले.  उभ्या आयुष्यात या माणसाने कुणाची एक वेलांटी सोडली नव्हती, सुनेचीही नाही.

अप्पांनी चष्मा पुसला. अक्षरांशी गेले, खाली वाकून पाहिलं. मग वर्गात सांगावं तसं म्हणाले, “शाळा, कर्म. हळू, क्रियाविशेषण. चालवा, क्रियापद, आज्ञार्थ. कर्ता अध्याहृत आहे, म्हणजे लिहिलेला नाही, समजून घ्यायचा. वाक्य शुद्ध आहे. पुसता येणार नाही.”

“पण मास्तर, अर्थ चुकतोय ना.”

“गाडीवाल्यांना कळतोय.”

कुणीतरी हसलं, मग साहेबही हसले. मुख्याध्यापिकाबाई अप्पांच्याच विद्यार्थिनी. त्या फाटकातून पुढे आल्या आणि म्हणाल्या, “राहू दे तर मग. सर म्हणतायत.” पेंटरने डब्याचं झाकण परत लावलं.

आमचे हे ओट्याच्या कठड्याशी बराच वेळ येणाऱ्या गाड्या बघत उभे राहिले. आत आले तेव्हा अप्पांना एवढंच म्हणाले, “बसवाल्याला नको म्हणून सांगतो.” अप्पांनी मान हलवली आणि मला विचारलं, “सूनबाई, इस्त्री तापवतेस का?”

सकाळी दोघं निघाले. चिऊ त्यांचा हात ओढत होती, “अप्पा, चला ना भराभर, उशीर होईल.”

“रस्त्यावर काय लिहिलंय ते वाच आधी.”

माझ्याकडे तेव्हा एक बाई फ्रॉक न्यायला आली होती आणि शेवटची शिलाई राहिली होती. ती संपवून मी दोरा तोडला, मान वर केली. दोघं कधीच पलीकडे पोचले होते, चिऊ फाटकातून हात हलवत होती. मशीन मी मध्ये एकदाही थांबवलं नव्हतं.